फळ्यावरची नऊ नावं

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय. काय करू, आजचा तास तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही!

नववीला मानवी हक्क शिकवतेय. काल वंशसंहाराचं सांगितलं, ज्यू लोकांना घराघरातून कसं उचलून नेलं ते. तर मागच्या बाकावरची रेश्मा उठली, "मॅडम, मग शेजारची मानसं काय करत हुती?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. राजारामपुरीतल्या शाळेतून घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात, आणि मग तुमचा फळा आठवला.

मी चौथीत होते, मुरगूडच्या शाळेत, आणि गुरुजी तुम्हीच. बडबड करणाऱ्यांची नावं मॉनिटर फळ्यावर लिहायचा. त्या दिवशी वर्ग चिडीचूप होता, तरी तुम्ही स्वतः नऊ नावं लिहिलीत. "ह्यांनी मधल्या सुट्टीत खेळायचं न्हाई." त्यात माझी जिवाभावाची मैत्रीण सुमन होती. ती वर्गात रडत बसली आणि मी बाहेर लगोरी खेळले.

शाळा सुटताना तुम्ही म्हणालात, "ह्यांनी काय केलतं, हे एकानं तरी विचारलं का रं?" मग त्या नऊ जणांची तुम्ही सगळ्यांसमोर माफी मागितलीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

एवढ्याशा पोरांना हा असला धडा, आबा? अजून राग आहे हां माझा! सुमनचं नाव मुद्दामच घातलं होतंत, व्हय ना? आपली पोरगी तोंड उघडते का बघायला?

आज मी तेच केलं. फळ्यावर नऊ नावं लिहिली आणि म्हटलं, "हे आज पीटीला जाणार नाहीत." पोरं उठून दाराशी गेली. आता इथंही कुणी विचारणार नाही, असंच वाटलं. तेवढ्यात रेश्मा थांबली.

"मॅडम, पण ह्यांनी केलंय काय?"

"काही नाही."

"मग नावं पुसा की! न्हाईतर मीबी जात न्हाय."

खोटं कशाला सांगू, सगळा वर्ग काही थांबला नाही. सात-आठ जणंच परत फिरली, बाकीची ग्राउंडवर पळाली. पण सात-आठ, आबा! आमच्या वर्गात एकही नव्हतं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

नंतर सगळ्यांना बसवून मी त्या नऊ जणांची माफी मागितली. पळालेल्यांतला एक जण हळूच म्हणाला, "मला वाटलं, माझं नाव न्हाई ना, मग झालं." मी त्याला रागावले नाही. माझ्या लगोरीची गोष्ट सांगितली. वर्गात कुणी हसलं नाही.

सुमन आता उचगावात असते. आम्ही भेटतो, तासन्‌तास बोलतो, तेवढं एक सोडून. या रविवारी जाणार आहे. "खुळी हाईस का, आता आठवलं व्हय?" म्हणेल. म्हणू दे. तुम्हाला शब्द देते, आबा. आधी माफी, मग चहा.

तुमची,
त्या दिवशी लगोरी खेळलेली,
शालू