दाढेवरचा लेप

४ जून

आजपासून रोजनिशी. घरात काही तांत्रिक बिघाड चालू आहेत, त्यांची नोंद हवी. भावनेचा संबंध नाही. उभी हयात लिफ्टचा इन्स्पेक्टर म्हणून गेली. रिकामी लिफ्ट आपोआप वर गेली की लोक भूत म्हणायचे, मी विजेचा रिले चिकटला म्हणायचो. रिलेच चिकटलेला असायचा.

बिघाड असा. पुढच्या खोलीत हिचा दवाखाना. लहान मुलांच्या दातांची डॉक्टर, संध्याकाळी पाच ते सात. गेल्या वर्षी ही गेली, तेव्हापासून बंद. आज पाचच्या सुमाराला बंद दाराआडून खुर्चीच्या मोटरचा आवाज आला. उघडून पाहिलं. खोलीत कोणी नाही. खुर्ची वर चढलेली. लहान पोराला बसवल्यावर ही चढवायची, बरोबर तेवढीच.

निदान: तेलाची गळती.

संकल्प: महिनाअखेरीला दवाखाना भाड्याने देऊन मोकळं होणे.

५ जून

तेल गळलं तर खुर्ची खाली उतरते. वर चढत नाही. हे काल सुचलं नाही. वय झालं.

८ जून

दाढ दुखते. उजवीकडची, खालची. हवा बदलली आहे.

कीड असणं शक्यच नाही. त्या दाढेवर हिच्या हातचा लेप आहे. दाढेच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यात अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, आणि कीड तिथूनच शिरते. म्हणून मुलांच्या नव्या दाढांवर ही पातळ औषध सोडायची, निळा दिवा दाखवायची, ते घट्ट व्हायचं. सीलंट. मुलांना सांगताना दाढेचा रेनकोट.

एखादं पोर दारातच भोकाड पसरायचं. मग आतून हाक यायची, अहो, जरा येता का? मी हातातलं टाकून जायचो, खुर्चीत बसायचो, आ करायचो. आधी मला, मग पोराला. पोर गप्प. इतक्या वर्षांत माझ्या त्या एका दाढेवर जेवढे थर चढले तेवढे बोटीच्या बुडालाही चढत नसतील.

तेव्हा हवाच. लवंगतेल लावलं.

११ जून

वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. आवाज उतरवून म्हणाल्या, संध्याकाळी दवाखान्याच्या खिडकीत निळा उजेड दिसतो. डॉक्टरबाईंचा जीव अडकला असेल हो कशाततरी. मी म्हणालो, जीव नाही, रिले. त्यांना माझी कीव आल्यासारखं वाटलं.

संकल्प: उद्या स्वतः पाळत ठेवणे.

१२ जून

पाच ते सात दवाखान्यात बसलो, हिच्या स्टुलावर. काहीही घडलं नाही. वेळ जावा म्हणून उपकरणं तपासली. निळा दिवा चारपाचदा लावून पाहिला. खुर्ची वरखाली केली. कॉम्प्रेसर चालवला, कारण मशिन बंद ठेवलं की जाम होतं. आरसे पुसले.

निष्कर्ष: खोली निर्दोष.

१३ जून

वरच्या बाई म्हणतात, काल तर कहर झाला. निळा उजेड, घरघर, आणि कोणी पुरुष बोलत होता, आ कर बाळा, मोठ्ठा आ. मी ठामपणे सांगितलं, काल मी जातीने आत होतो, मला काही दिसलं नाही. त्या जिना चढताना दोनदा वळून बघत गेल्या.

लोकांना विज्ञान पटत नाही.

१४ जून

पाळत.

१५ जून

पाळत. आज टॉवेल धुतले.

१७ जून

भाडेकरू बघायला सुरुवात. पहिला डॉक्टर मिशाळ. आला तो भिंतीवर टकटक करत, ही पाडू, ती पाडू. म्हटलं, आधी उभी असताना तर बघा. नापास.

दुसरी एक तरुण मुलगी. बॉबकट. चौकातल्या दातांच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर आहे, स्वतःचं काही सुरू करायचंय. खुर्चीवरून हात फिरवला आणि म्हणाली, किती नीट ठेवलीय, कोण बघतं? मी म्हणालो, कोणी नाही, बंदच असते. मग तिने कपाट उघडलं. हिच्या सीलंटच्या बाटल्या हातात घेऊन म्हणाली, काका, यांची मुदत संपली, टाकून द्या. आजच ओळख झालेल्या माणसाच्या कपाटाबद्दल इतकं तोडून बोलू नये.

जाताना म्हणाली, काका, गालाला सूज दिसते, बघू का? मी म्हणालो, उशी टोचली.

नापास. कारण: चालताना बूट वाजतात.

१८ जून

दोन्ही बाजूंनी चावता येत नाही. ज्या बाजूने चावत नाही ती बाजूही दुखते. याचा अर्थ दाढेचा दोष नाही. सिद्ध झालं.

खुर्ची पुन्हा वर. आज मी आत गेलोच नव्हतो. निदान गेल्याचं आठवत नाही.

२१ जून

मुलगी आली होती, ठकीला घेऊन. ठकी म्हणजे नात. सहा पुरी झाली. समोरचे दोन पडलेत आणि मागे चार कोऱ्या दाढा आल्यात. तोंड उघडून चारही दाखवल्या. खाचा चांगल्याच खोल. हिच्यावर गेली आहे.

मुलगी म्हणाली, बाबा, चौकातल्या त्या बॉबकट डॉक्टरकडे नेऊन लावून आणते. मी म्हणालो, मुळीच नाही. ठकी पाळण्यात होती तेव्हाच हिने सांगून ठेवलंय, पोरीला पहिला रेनकोट मी घालणार. मुलगी म्हणाली, बाबा, आई नाहीये आता. मी म्हणालो, ते मला माहीत आहे, मुद्दा तो नाही. मग मुद्दा काय? मी म्हणालो, मुद्दा पद्धतीचा आहे.

एवढ्यात ठकी दवाखान्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत जाईना. म्हटलं, जा की, घाबरतेस काय. म्हणाली, आत पेशंट आहे ना.

मुलीने तिला उचललं आणि दोघी लगेच गेल्या. चहा तसाच.

पोरांना लागलेली सवय. पेशंट असला की आत यायचं नाही, असं हिनेच शिकवलं होतं. दुसरं काही नाही.

संकल्प: ठकीच्या दाढांना लेप मी स्वतः लावणार. जितक्या वेळा हे काम मी तोंड उघडं ठेवून पाहिलं तितकं कॉलेजात कोणी शिकवत नाही. दाढ घासायची, कापूस ठेवायचा, ॲसिडचं जेल लावायचं, धुवायचं, खडूसारखी पांढरी होईपर्यंत वाळवायची, औषध सोडायचं, दिवा. लिफ्टचा दोर बदलण्यापेक्षा सोपं.

२५ जून

आधी स्वतःवर चाचणी. हाताला सवय हवी. शिवाय माझ्या दाढेवर आणखी एक थर चढला तर बिघडलं काय?

दुपारची वेळ साधून खुर्चीत बसलो. आरसा डाव्या हातात. आरशात उजवं ते डावं दिसतं हा मुद्दा राहून गेला होता. जेल दाढेवर टाकायचं ते अर्धं हिरडीवर गेलं. उरलेलं दाढेत शिरलं. दाढेवर नाही, दाढेत. कुठे शिरलं कळेना, पण कानापर्यंत वीज गेली. डोळ्यांपुढे काजवे. पाय आपोआप पेडलवर पडला आणि खुर्ची मला घेऊन वर निघाली.

आणि तेव्हा हाक आली. अहो.

मागून, डाव्या खांद्याच्या वर. आधी अ खाली, मग हो जरा वर, अशी. तिची तीच चाल. मी वळलो, बाटली हातातून सुटली आणि फरशीवर फुटली.

खिडकीत कबुतरं होती. कबुतरांचा आवाज कधीकधी असा येतो.

पण खिडकी उजवीकडे आहे.

२६ जून

हिरडी पांढरीफटक. गाल पुरीसारखा. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. अंगात कणकण. चाचणी नव्वद टक्के यशस्वी.

मुलीला फोन केला, उद्या ठकीला आण. म्हणाली, आवाज असा का येतोय? मी म्हणालो, लाइन खराब.

कपाटात आणखी एक बाटली सापडली. थोडी घट्ट झाली आहे. थोडीच.

२७ जून

हे आजच लिहून ठेवतो.

मुलगी ठकीला सोडून खाली भाजी घ्यायला गेली. मी हिचा पांढरा कोट चढवला. बटणं लागली नाहीत. मास्क लावला, म्हणजे सूज झाकली. ठकी शहाण्यासारखी खुर्चीत बसली. मी खुर्ची चढवली, दिवा ओढला, मास्क खाली करून म्हणालो, आ कर बाळा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जी किंचाळली. आजोबा, तुमचं तोंड वाकडं झालंय.

रडायला लागली. थांबेना. हातपाय झाडायला लागली.

यावर उपाय मला पाठ आहे. आधी दुसऱ्या कोणालातरी लावून दाखवायचं. मी आतल्या दाराकडे वळलो, हाक मारायला तोंड उघडलं, अहो म्हणायला. आणि तसाच उभा राहिलो. इथे उभं राहून हाक मारायची ती. हातातलं टाकून यायचो तो मी. मी आलेलोच होतो. आता हाक मारू कोणाला?

ठकीचं रडणं अचानक थांबलं. माझ्याकडे बघून थांबलं असावं.

मुलगी कधी आली कळलं नाही. तिने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला, ठकीला उतरवलं, मला त्याच खुर्चीत बसवलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, बाबा, अंग भाजतंय तुमचं. मी म्हणालो, तेलाची गळती. असं म्हणालो असं ती सांगते.

मग तिने बॉबकट डॉक्टरिणीला फोन लावला.

२८ जून

चौकातला दवाखाना. मोठा, गार, खुर्ची नवी. मोटरचा आवाजच येत नाही.

डॉक्टरिणीने आरसा आत घातला. मी आधीच सांगून टाकलं, उजवीकडच्या दाढेला हात लावू नका, तिच्यावर माझ्या बायकोच्या हातचं सीलंट आहे, बरेच थर आहेत. तिने पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाली, काका, या दाढेवर सीलंट कधी लागलंय असं वाटत नाही. खाचा उघड्या आहेत. जिथे उरल्यात तिथे. कीड मुळापर्यंत गेलीय. आधी औषधाने सूज उतरवू, मग काढावी लागेल.

मी म्हणालो, तुम्ही नीट बघा. ती म्हणाली, दोनदा बघितलं. मी म्हणालो, पडून गेलं असेल. ती म्हणाली, असेलही. पण तिने मुलीकडे पाहिलं, आणि मुलगी भिंतीकडे बघत होती.

रिक्षात मुलगी म्हणाली, बाबा, आई ब्रश पाण्यात बुडवायची. तुम्हाला नुसतं पाणी लावायची आणि दिवा दाखवायची. पोराची भीती जावी म्हणून. औषध मुलांसाठी ठेवायची.

मी विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला वाटलं तुम्हालाही आहे, तुम्ही नाटक छान वठवता.

मग तीच म्हणाली, आई नेहमी म्हणायची, एकदा यांना निवांत बसवून खरं लावायला हवं, खाचा खोल आहेत. पण दहा मिनिटं गप्प बसतील तर शपथ. हसायला गेली आणि तिलाच रडू आलं. मी रिक्षावाल्याला सांगितलं, पुढे खड्डा आहे, जपून.

४ जुलै

दाढ काढली. डॉक्टरीण म्हणाली, घरी नेणार का? मी म्हणालो, कशाला.

नंतर म्हणालो, द्या. तोवर टाकून झाली होती.

११ जुलै

दवाखाना तिला दिला. बूट वाजतात, पण वाजू देत.

२ ऑगस्ट

आज पाचला दवाखाना सुरू झाला. पहिली पेशंट ठकी. मी बाहेर बाकावर. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आजोबा, आपण कोणासोबत? म्हटलं, मी इथेच राहतो. ती म्हणाली, हो, पण कोणासोबत?

ठकी चारही दाढांना लेप लावून बाहेर आली. रडली नाही. विचारलं, आत कोणी होतं का? म्हणाली, डॉक्टर होती की. आणि बाहेरच्या माशांच्या पेटीकडे गेली.

सातपर्यंत घरातल्या बाजूने दाराला कान लावून बसलो. खुर्ची वर गेली, खाली आली. दर वेळी कोणीतरी वर नेली आणि कोणीतरी खाली आणली. सगळ्याला कारण होतं. वरच्या बाईही जिन्यात म्हणाल्या, सुटल्या हो डॉक्टरबाई. मी हो म्हणालो.

डॉक्टरीण निघताना डोकावली. जखम भरली का बघू म्हणाली. आ केलं. छान भरलीय म्हणाली. मी म्हणालो, एवढंच की जीभ सारखी त्या रिकाम्या जागी जाते. ती म्हणाली, जाणारच, काही दिवस. विचारलं, किती दिवस?

तिने हातमोजे काढले. म्हणाली, खरं सांगू का काका, काहींची जातच राहते.