पिठातल्या नद्या

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता माझंच वय तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त झालंय. तू गेलीस तेव्हा तुझे केस काळेभोर होते, माझे आता एकूण एक पांढरे. म्हणजे एक म्हातारा आपल्याहून तरुण बाईला पत्र लिहितोय नि तिला माय म्हणतोय. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. तुला वाचता येत नव्हतं, हेही मी विसरलेलो नाही. पण तुला ऐकू फार बारीक यायचं, आणि माझे कान तुझ्यावरच गेलेत. म्हणून मोठ्यानं वाचलं तर कानाला बरं लागेल, अशा बेतानं लिहितोय.

गंगाखेडचं आपलं घर म्हणजे एक खोली नि पुढं पडवी. बाप मला आठवतही नाही. तू गावातल्या मोठ्या घरांची दळणं दळायचीस. पहाटे जातं सुरू झालं की आज काय पडलंय ते मी अंथरुणातूनच ओळखायचो. ज्वारीचा आवाज भरलेला, गव्हाचा जरा ओलसर, आणि हरभऱ्याची डाळ असली की जातं दातओठ खाल्ल्यासारखं करायचं. मी ‘आज डाळ’ म्हणून ओरडायचो, तू ‘उठ मंग, पुरनाची वाट बघायलास का?’ म्हणायचीस. पुरण त्या घरचं, दळण तेवढं आपलं.

राज्य निजामाचं, शाळा सरकारी, सगळा कारभार उर्दूत. भूगोलाला जुगराफिया म्हणायचं. मास्तर हैदराबादकडचे, शेरवानी घालणारे, पान खाऊन लाल झालेले, मनानं चांगले. त्यांनी एकदा विचारलं, “बोल, गंगा कहाँ से निकलती?” मी छाती काढून सांगितलं, “त्र्यंबक से!” आपल्याकडं गोदावरीला गोदावरी म्हणतो कोण? गंगाच म्हणायची. सगळ्या वर्गानं माझीच री ओढली. मास्तर आधी पोट धरून हसले, मग उठून माझ्या कानाखाली दिली.

“कामून मारलं?” तू घरी विचारलंस.

“दुसरी एक गंगा हाय म्हनं. वर, हिमालयात. तीच खरी.”

“मास्तरला म्हनावं, तुमची तुमाला, आमची आमाला,” तू म्हणालीस. पण थोड्या वेळानं कणीक मळता मळता स्वतःहूनच विचारलंस, “आनि किती हायेत रं अशा?”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुस्तक घेऊन जात्याजवळ बसलो. नकाशा दाखवला तर तू म्हणालीस, “ह्या मुंग्या कशाच्या?” मग मी जात्याभोवती सांडलेल्या पिठातच बोटानं हिंदुस्थान काढला. वर हिमालयाची जाड रास, डावीकडं सह्याद्रीची बारीक कड, आणि मधून बोट फिरवत नद्या. पीठ लोकांचं, म्हणून तू आधी कुरकुरलीस, मग खुंट्यावरचा तुझा हात आपोआप थांबला. धडा संपल्यावर मी सवयीनं पायानंच पीठ सारायला गेलो, तर पोटरीवर सणसणीत बसली. “गंगेला पाय लावतूस? आनि लोकाच्या अन्नाला?” मास्तरची थप्पड विसरलो, ही अजून चुरचुरते. मग तू स्वतः कुंचा घेऊन पीठ लोटलंस, वरून खाली, हिमालयाकडून समुद्राकडं, नदी जाते तसं. पुढं रोजच तसं लोटत राहिलीस.

किती पहाटा अशा गेल्या. मी घोकतोय, “झेलम, चिनाब, रावी, बियास, सतलज. ह्या पाची शेवटी सिंधूला मिळत्यात.”

“पाची एकाच घरात दिल्या?” जातं फिरवत तू विचारतेस. “नांदत्यात का बरं?”

“पुस्तकात तसं न्हाई दिलेलं.”

“मंग काय कामाचं पुस्तक.”

मी सांगतोय की वरच्या नद्यांना उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण डोंगरावरचं बर्फ वितळत राहतं, आणि आपल्या दक्षिणेच्या नद्या नुसत्या पावसावर जगतात. तू म्हणतेस, “म्हंजी त्यास्नी म्हायेरचं बारा म्हैने येतंय. आमचं पाऊस आला तर आलं.” ब्रह्मपुत्रा हिमालयाच्या मागून पार पूर्वेपर्यंत जाऊन, वळसा घालून खाली उतरते नि गंगेला मिळते, हे तुला फार आवडलं होतं. “लय फिरून आलं लेकरू, पर आलं,” म्हणालीस. महानदीचं नाव ऐकून नाक मुरडलंस, “आपलं आपनच महान म्हनायचं व्हय?”

पण गोदावरीवर तू अडलीस. ती नाशकाकडं निघते, पश्चिमेचा समुद्र तिथून जवळ, तरी त्याच्याकडं पाठ करून ती अख्खा मुलूख तुडवत पूर्वेच्या समुद्राला जाते. कृष्णेचं तेच, कावेरीचं तेच. तुला ते काही केल्या पटेना. मी मास्तरांचं उत्तर सांगितलं, की जमीनच पूर्वेला कललेली आहे, नर्मदा नि तापी तेवढ्या खोल खाचेतून पश्चिमेला जातात. तू सूप उचललंस, दाणे टाकलेस, एक कड वर केलीस. दाणे घरंगळत खाली आले. सूप तसंच तिरकं धरून तू बराच वेळ बसलीस. “म्हंजी तिच्या हातात काय न्हाई. जिकडं उतार दिला, तिकडं जायाचं.” मला तेव्हा वाटलं, तू नदीचंच बोलतेस.

तू अक्काचं बोलत होतीस. माझी थोरली बहीण वऱ्हाडात दिली होती, पैनगंगेच्या पलीकडच्या काठाला. अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज, मधून नदी. तरी ती पंचमीला यायची, दिवाळीला यायची, बैलगाडीतून उतरल्याबरोबर जात्याला बसायची नि तुम्ही दोघी एकाच खुंट्याला हात घालून ओव्या म्हणायचात. मग पलीकडचा इंग्रज गेला. अलीकडचा निजाम राहिला. दोन्ही काठांना बंदुका आल्या, वाटा बंद झाल्या, आणि त्या दिवाळीला गाडी आली नाही. तू फराळाचं तिच्या वाटणीचं बाजूला काढून ठेवलंस. ते खवट होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाहीस.

त्याच दिवसांत एका पहाटे तू जातं थांबवून म्हणालीस, “तिच्या गावचं पानी आनि आपलं पानी, कुठं भेटतंय का रं?”

मी पीठ सारखं केलं. बोटानं आपली गोदावरी काढली, नांदेडावरून पुढं पूर्वेला. वर पैनगंगा काढली. ती वर्धेला मिळाली. वर्धा वैनगंगेला मिळाली, तिथून तिचं नाव प्राणहिता झालं, आणि प्राणहिता खाली खाली येत सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळाली. तुझं माझ्या बोटाकडं असं लक्ष होतं, जसं मी पिठातून गाडीच हाकत तिला घरी आणतोय. दोन रेघा एक झाल्या तिथं तू बोट टेकवलंस नि ते कपाळाला लावलंस. जातं पुन्हा फिरलं तेव्हा ओवी नवी होती:

पैनगंगा माझी लेक, वर्धाबाई तिची सासू
वैनगंगा जाऊबाई, तिच्या डोळा नको आसू

मग तू कासारणीला गाठलंस. ती बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन कुठल्या कुठल्या आडवाटेनं पलीकडं जाऊन यायची. “लेकीला म्हनावं, कार्तिकी पुनवेला नदीत दिवा सोड. म्या बी सोडते. फुडं जाऊन भेटतंय आपलं पानी.”

“बया गं,” कासारीण म्हणाली, “म्या बांगड्या इकाया जाते का नद्यांची सोयरीक जुळवाया?” पण निरोप घेऊन गेली. जाताना डोळे पुसत गेली, ते मी बघितलं.

तू मात्र पौर्णिमेच्या आदल्याच दिवशी घाटावर निघालीस. मी म्हटलं, आज कशाला? “माझं पानी लांबून येनार. तिचं आधी पोचलं तर एकलं थांबंल.” पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात पणती, सांजवेळ. तू वाकून पाण्यावर ठेवलीस, हातानं पाणी मागं ढकललंस. मी शहाणा, चार बुकं शिकलेला. म्हटलं, “माय, त्या वळणापर्यंत तरी जाईल का दिवा?”

“दिवा इझतोच की,” तू म्हणालीस. “म्या काय येडी हाय का? पानी तर जातंय ना?”

त्यानंतरच्या आषाढात तुला ताप चढला. वैद्याचा काढा झाला, सरकारी दवाखान्याची लाल बाटली झाली. अक्काला कळवायला माणूस मिळेना. कासारीणही यायची बंद झाली होती. तू एकदाही ‘तिला बोलवा’ म्हणाली नाहीस. बाहेर पाऊस लागलेला, गंगेचा घोंघाट घरात येत होता. तू डोळे न उघडता विचारलंस, “पानी चढलं का रं?”

“चढलंय, माय. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर आलंय.”

“मंग लौकर जाईल,” म्हणालीस. तोच तुझा शेवटचा शब्द. राणीसावरगावापासून कुठून कुठून लोक अस्थी घेऊन गंगाखेडला येतात, मला तर आपल्याच गल्लीतून खाली उतरायचं होतं. त्या पुरात हात घातला नि तू हातातून अशी ओढून घेतली गेलीस, की कुणीतरी पुढं वाट बघत असावं.

निजामाचं राज्य गेलं, वाटा मोकळ्या झाल्या, आणि दिवाळीच्या तोंडावर अक्काची गाडी दारात आली. तुझ्यासाठी लुगडं घेऊन आली होती. दारातून तिनं आधी जात्याकडं बघितलं. त्याच्यावर पोतं झाकलेलं होतं. तिला काही सांगावं लागलं नाही, ती तिथंच उंबऱ्यावर बसली. मग मी विचारलं, निरोप पोचला होता का. “पोचला होता. पर नदीवर जाऊ देईनात रं. काठाला बंदुकीवाले बसलेले. सासरा म्हनला, घराबाहेर पाय टाकायचा न्हाई. मंग दिवा घरामागल्या ओढ्यात सोडला. ओढा तरी कुठं जातोय? पैनगंगेलाच की.” मला जुगराफियात चांगले मार्क होते, माय. पण नकाशात ओढे दाखवत नाहीत, त्यामुळं हे मला सुचलंच नसतं.

दुसऱ्या पहाटे तिनं पोतं काढलं, ओंजळभर ज्वारी टाकली नि तुझी ती ओवी म्हटली. कासारणीनं निरोपाबरोबर तीही नेली होती. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. जात्यात काय पडलंय ते आवाजावरून सांगणारा मी, मला त्या वेळी एवढंच कळेना की म्हणतंय कोण. वळून बघायचा धीर झाला नाही.

पुढं मी हमाली केली, मग इंजिन चालवायला शिकलो, मग गिरणी टाकली. मग दुसरी टाकली, परभणीत तिसरी. लोक म्हणतात, शेठजी पट्ट्याच्या आवाजावरून सांगतात दगडाला टाकी कधी लावायची. मी हसतो नि चहा मागवतो. माझ्या गिरणीनं गावातली जाती बंद पाडली, ओव्याही त्यांच्यासोबत गेल्या. बायकांचे खांदे वाचले याचा मला आनंद आहे. तुझे मात्र नाही वाचवता आले.

मागच्या वर्षी तांदळाच्या निमित्तानं सिरोंच्याला गेलो. निमित्त म्हणजे निमित्तच, तांदूळ काय इथं मिळत नाही? अक्का आता माझ्याकडंच असते, तिलाही न्यायचं होतं, पण तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. नावाडी तेलुगू बोलणारा, त्यानं संगमावर नाव उभी केली. मी पिठात दोन रेघांची एक रेघ केली होती. तसं होत नाही, माय. दोन्ही पाणी शेजारी शेजारी जातात, एक गढूळ, एक निवळ, कितीतरी लांबपर्यंत. मग कधीतरी, बघणाऱ्याला कळणारही नाही असं, एक होतात. ओवी तुम्हा दोघींची, ती मी म्हटली नाही. मग वर्गातल्यासारखा उभा राहून पैनगंगा, वर्धा, वैनगंगा, प्राणहिता अशी नावंच घेतली. नावाड्याला वाटलं मंत्र म्हणतोय. त्यानं हात जोडले.

घरी आल्यावर अक्कानं एवढंच विचारलं, “भेटतंय?” मी म्हटलं, “भेटतंय.”

एक गोष्ट मात्र तिलाही सांगितली नाही. नावाडी परत फिरूया म्हणत होता आणि मी त्याला थांब थांब म्हणत होतो. तू कधी दिव्यावर भरवसा ठेवला नव्हतास, पाण्यावर ठेवला होतास. मी मात्र, सगळ्या नद्या पाठ असलेला, अंधार पडेपर्यंत त्या पाण्यावर दिवा शोधत बसलो होतो.