कोपरीचा पट, बाळकुमचा पट

४ फेब्रुवारी, ठाणे
बोर्डाचं पत्र. कोपरी आणि बाळकुम इथल्या मुलींच्या शाळांपैकी एकच ठेवणार. परीक्षेचा तक्ता सोबत. कोपरीच्या जवळजवळ सगळ्या पास, बाळकुमच्या निम्म्या नापास. मी जन्मभर शाळा चालवली, म्हणून माझा अभिप्राय हवा. अभिप्राय कसला, तक्त्याखाली सही. दोन्हीकडच्या बाया माझ्याच हाताखालच्या. वाईट वाटायला हवं होतं. पेज घेतली, निजले.

७ फेब्रु.
बाळकुमला गेले. मारीच्या शाळेत चटया कमी, मुली जास्त. परीक्षेला तिने सगळ्यांना बसवलं, कालपरवा अक्षर गिरवू लागलेल्यांनाही.
"अगं, कच्च्या मुलींची नावं आधी कमी करायचीस."
"नाव कापलेली पोर परत येत नाय, बाय. तिची आय तिला भाताच्या कामाला लावते."
ही शाळा गेली तर इथली एकही मुलगी चालत कोपरीला जाणार नाही. परीक्षा घेणाऱ्या डेपोटी साहेबांना हे कोण सांगणार? ते दुपारच्या जेवणाआधी दोन शाळा तपासतात.

९ फेब्रु.
कोपरी. गंगूबाईंची शाळा लखलखीत. मुली मोजक्या, कविता घडाघडा. बाकीच्या? "गावाला गेल्या."
गाव फार लांब नव्हतं. खाडीच्या बांधावर त्यांतलीच एकजण कोलंबी निवडत होती. तेराचा पाढा विचारला. तेरा साती एक्क्याण्णवपर्यंत आली, पुढे अडकली. "बाई बोलल्या, सायेब येऊन गेला की ये. मग आयेने सोडलाच नाय."
परत जाऊन गंगूबाईंना नाही नाही ते बोलले. त्या नवरा गेल्यावर माझ्याकडे शिकवायला आलेल्या, कधी वर मान केली नाही. आज केली.
"मोठ्या बाई, परीक्षेच्या महिनाभर आधी कच्च्या मुली काढून पट झाडायला मला कोणी शिकवलं?"
मी छत्री उचलली.

१० फेब्रु.
मीच. दर वर्षी. त्यावर साहेबांचं शाबासकीचं पत्रही आहे. झाडलेल्यांपैकी किती परत आल्या, आठवायचा प्रयत्न केला. चेहरे नाहीत. एक नाव आठवतं, सोनी. तिच्या वडिलांचं नाव...

१३ फेब्रु.
चर्चमधली मिसा चुकवली. अभिप्राय लिहिला. हे दोन तक्ते एका तराजूत घालता येत नाहीत. एकीने सगळ्या बसवल्या, दुसरीने निवडक. हे मला कसं ठाऊक, तेही लिहिलं. गंगूबाईंची नोकरी जाईल, त्यांना दुसरा आधार नाही. तरी लिहिलं.

१४ फेब्रु.
बोर्डाचे कारकून न्यायला आले, उभ्या उभ्या वाचलं. "बाईसाहेब, यात तुमचेच सगळे निकाल बुडतात. शेवटचा परिच्छेद गाळू?"
"गाळलात तर उरलेलंही फाडा."
घेऊन गेले. काय करतील, देव जाणे.

२ मार्च
बोर्डाकडून काही नाही. गंगूबाई टेंभी नाक्यावर समोरून आल्या, पदर सावरून दुसऱ्या बाजूने गेल्या. बरोबरच आहे.
दुपारी मारी आली. दोन नव्या पोरी दारात उभ्या आहेत म्हणाली. "नावं घालू, की बोर्डाचं येईपर्यंत थांबू?"
घाल म्हटलं. कोणत्या अधिकाराने, ते तिने विचारलं नाही.