राखेच्या तलावाची बातमी

७ ऑक्टोबर १९९९
टेकचंद निवडून आला! आमगावात गुलाल इतका उधळला, की माझी पांढरी मिशीही तरुण दिसते. बाकं मात्र विरोधी मिळाली. म्हणाला, "पंडितजी, तुम्ही लिहायचं, मी बोलायचं." नवं काय त्यात? शाळेतही उत्तर मी सांगायचो, उभा तो राहायचा.

१२ डिसेंबर २०००
पांढरटोल्याचा चैतराम आला. ढिवरांच्या मासेमारी सोसायटीचा अध्यक्ष. नत्थूलालच्या राइस मिलची राख त्यांच्या तलावात पडते. रोहू उलटे होऊन तरंगताहेत. "तलाव मेला तं आमी कोठी जावाचं जी?"
टेकचंदने शब्द दिलाय. उद्या नागपूरच्या अधिवेशनात बोलणार.

१३ डिसेंबर
भाषण माझंच, म्हणून बातमीही सकाळीच लिहून टाकली. दुपारच्या गाडीने पाकीट गेलं नाही तर जिल्हा पानावर जागा मिळत नाही. आम्ही सगळे वार्ताहर असंच करतो. मथळा — 'तलावासाठी आमदार गरजले'.

१४ डिसेंबर
छापून आलं. माझ्या नावानिशी.
मग नागपूरहून सहकाऱ्याचा फोन. नाव पुकारलं तेव्हा टेकचंद सभागृहात नव्हता. नत्थूलालबरोबर कॅन्टीनमध्ये सांबारवडी खात होता.
शरदातले ढग गर्जतात पण बरसत नाहीत, असं पाठशाळेत शिकलो. हा तर गर्जलाही नाही.
संपादकांना म्हटलं, खुलासा छापा. "लोक खूश आहेत ना?" — आणि फोन ठेवला.

२४ डिसेंबर
पांढरटोल्यात आमदारांचा सत्कार. चैतरामने पहिल्या जाळ्यातला मोठा रोहू पळसाच्या पानांत गुंडाळून दिला. टेकचंदने हार घालून घेतला, मासा जीपमध्ये ठेवला, आणि माझ्या कानाशी येऊन — "तुम्ही लिहिलेलं मी खोटं कसं पाडू, पंडितजी?"
चैतरामला बाजूला घेऊन सांगितलं, टेकचंद नागपुरात बोललाच नाही. चैतराम पोट धरून हसला. "मस्करी करून राहिले का जी? तुमच्याच नावानं छापून आलं ना!"
जन्मभर सगळ्यांची थट्टा केली. आता एकदा खरं बोलायला गेलो, तर तीही थट्टाच.

५ जून २००३
पांढरटोल्याला जाऊन आलो. तलावात राखेचं बेट झालंय, त्यावर बेशरमची झुडपं. चैतरामचे दोन्ही मुलगे जाळी टांगून नत्थूलालच्या मिलमध्ये हमाली करतात.

३० सप्टेंबर २००४
टेकचंद सत्ताधाऱ्यांकडे गेला. तिकीटही मिळालं. जीपमध्ये शेजारी नत्थूलाल. मला पाहून हात हलवला — अनोळखी मतदाराला हलवतात तसा.

१६ ऑक्टोबर
टेकचंद पडला. दणकून. पेढे आणले. वाटायला कुणी सुचेना, एकट्यानेच खाल्ले. एकच गोष्ट कळत नाही — गावोगाव मागे पडलेला माणूस पांढरटोल्याच्या केंद्रावर एवढा पुढे कसा?

१७ ऑक्टोबर
सकाळीच चैतराम दारात. डोळे लाल.
"आपला मानूस पडला जी. तुमी लिवलं म्हून सारा टोला त्याच्या मागं उभा रायला. आता तलावासाठी कोन गरजंल?"