बाईसाहेब आणि शेवटची ओळ

प्रिय डबा,

टण् टण् टटण्! आज सकाळी बिस्किटांचा पत्र्याचा डबा हलवला आणि तू डोळ्यांसमोर उभा राहिलास. शेवटच्या बाकावर बसून तू पेन्सिलींच्या डब्यावर ठेका धरायचास, गुरुजी स्वतः रचलेली नदीची कविता डोळे मिटून म्हणायचे, आणि अख्खा वर्ग त्या नदीत वाहत जायचा. (तू गणितात वाहून गेलास, तो वेगळा विषय.) तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, कारण घरात तुझ्यापेक्षा त्यांचंच जास्त ऐकलं जातं असं वहिनी कळवतात. वहिनींनाही नमस्कार. माझी प्रकृती ठणठणीत आहे. अंगावरचे ओरखडे आजाराचे नाहीत, प्रेमाचे आहेत.

तर आमच्याकडे एक कुत्री आली आहे. मुलाने आणली, मला सोबत म्हणून, सूनबाईला न विचारता. (सोबत हवीच होती रे. ही गेल्यापासून घरात माझ्या तोंडून ती नदीची कविता पहिल्या कडव्यापुढे कुणी ऐकलेली नाही. नेमका तेव्हाच सगळ्यांना फोन येतो.) कुत्री मात्र पाचही कडवी ऐकते, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. म्हणून तिला बाईसाहेब म्हणतो. खोड एकच: दार उघडलं की येणाऱ्याच्या खांद्यांवर पंजे टाकून त्याचा चेहरा धुऊन काढते. सूनबाईचा चष्मा त्यातच गेला. दूधवाला आता आमचं दूध शेजारी ठेवून पळतो. प्रवासाला निघताना सूनबाई दारात थांबून म्हणाली, "बाबा, रविवारी आम्ही येऊ तेव्हा ही गप बसलेली दिसली पाहिजे. नाहीतर माझ्या मावशीच्या शेतावर रवानगी. मी बोलून ठेवलंय." मुलगा बॅगेची चेन लावत राहिला. ती आधीच लागलेली होती.

मग कुत्र्यांना शिकवणाऱ्या एक मास्तरीणबाई बोलावल्या. मारायचं नाही, ओरडायचं नाही, रोज ठरल्या वेळी, तोच शब्द, आणि जमलं की तिथल्या तिथे खाऊ. "शब्द छोटा हवा आजोबा. 'बस'. संपलं!" मी म्हटलं, "एका शब्दाने कुणाचं मन वळतं का हो?" तर म्हणतात, "माणसाचं नसेल वळत. हिचं वळेल." न मारण्याचं मला लगेच पटलं. आपले गुरुजी नदीच्या कवितेला पट्टी खिडकीत ठेवून द्यायचे आणि चुकलेली ओळ पुन्हा पुन्हा, हसत म्हणून घ्यायचे. तेवढी एकच कविता आज पाठ आहे. म्हणून मी बाईंच्या पद्धतीत किरकोळ बदल केला. 'बस'च्या जागी नदीची कविता घातली.

पहिल्या ओळीला बसवायचं, शेवटच्या ओळीला बिस्कीट. ती मध्येच उठली की मी पुन्हा उगमापाशी. चिडलो नाही, एकदाही नाही. आणि जमलं! पहिली ओळ कानावर पडली की बाईसाहेब जमिनीला चिकटतात. मी ऐटीत फोन करून सूनबाईला ही बातमीही दिली. घोळ एवढाच की शेवटची ओळ म्हणजे बिस्कीट, आणि बिस्कीट म्हणजे आनंदाची उडी, थेट समोरच्याच्या खांद्यावर. त्यामुळे माणूस दारात आहे तोवर कविता संपवता येत नाही. परवा वीजमीटर बघणाऱ्याला उगमापासून समुद्रापर्यंत आणि समुद्रावरून परत उगमापर्यंत फिरवून आणलं. जाताना म्हणाला, "आकडा विसरलो आजोबा, पण दुसरं कडवं झकास आहे." मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "तिची काही चूक नाही. तुम्ही शिकवलंत तेच करतेय. बिस्कीट पहिल्याच ओळीला द्या, आणि शेवटची ओळ म्हणूच नका." म्हणूच नका! डबा, नदीला समुद्र न दाखवता घरी परत पाठवायचं? प्रयत्न करतोय, पण जीभ उताराला लागली की थांबत नाही.

तुझा,
ढगोबा

ता. क. पत्र केवळ खुशालीचं आहे. काम काही नाही.

ता. क. २ काम आहे. रविवारच्या आत ये. सरावाला अनोळखी माणूस लागतो आणि आमच्या गल्लीत कुणी अनोळखी उरलेलं नाही, सगळ्यांचे चेहरे धुऊन झाले. जुना सदरा घाल, चष्मा खिशात ठेव. तू ठेका धर आणि शेवटच्या ओळीआधी तोडून टाक, म्हणजे मीही थांबेन. ती शेतावर गेली तर दुसरं कडवं मी कुणाला म्हणून दाखवू, सांग.

ता. क. ३ बेल वाजली. मी तोंड उघडणार तोच दाराबाहेरून कुणीतरी नदीची कविता म्हणायला लागलं! चाल साफ चुकीची, शब्द अचूक. बाईसाहेब बसल्या! अरे, ही तर सूनबाई! रविवारला अजून अवकाश आहे! आणि हिला कविता येते, म्हणजे इतके दिवस फोन कानाला लावून ऐकत होती तर. दुसरं कडवं. माझी अक्षरं पुसट दिसताहेत, चालवून घे. तिसरं. कुलपात किल्ली फिरली. नवा चष्मा, हातात अंड्यांचा ट्रे, आणि बाईसाहेबांकडे बघून चक्क हसतेय. चौथं. म्हणजे राहणार रे ही, राहणार! पाचवं सुरू झालं. डबा, फोनवर मी तिला पहिल्या ओळीचं सांगितलं होतं, शेवटच्या ओळीचं