सात नंबरची जर्सी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी, चहाआधी.
आजपासून नवीन खरेदी बंद. संग्रह पुरेसा झाला. आता फक्त जतन आणि शिस्त.

त्याच दिवशी, दुपारी.
जर्सी आणली. ही खरेदी धरायची नाही, कारण ती घ्यायचा निर्णय कालचाच होता. १९७८ सालचा कबड्डीपट, 'निकराची चढाई'. त्यात नायक झालेल्या जयसिंगरावांनी शेवटच्या सामन्यात घातलेली निळी जर्सी, पाठीवर सात. रज्जाकभाईंकडे नाटक-सिनेमाला भाड्याने जाणाऱ्या पोशाखांच्या गठ्ठ्यात सापडली. सिनेमाचं मला माहीत नाही, पण कसर लागलेली नाही, एवढी गॅरंटी देतो, असं ते म्हणाले. जाणकार माणूस नाही.
भाग्यश्रीने पिशवी पाहिली आणि काही बोलली नाही. ही प्रगती आहे.

३ फेब्रुवारी.
ती प्रगती नव्हती. परभणीला सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मुक्काम त्यानंतर आपल्याकडे, १ मार्चपासून. मागची खोली लागेल. मागची खोली म्हणजे माझं संग्रहालय. हॉकीपटातल्या गोलकीपरचे पॅड, फुटबॉलपटातले बूट (एकाच पायाचे दोन), कुस्तीपटातला लंगोट, काचेच्या पेटीत. लंगोट आधी हॉलमध्ये होता. पाहुण्यांसमोर लंगोट मांडायची आपल्यात पद्धत नाही, असं भाग्यश्रीचं मत पडलं.
खोली रिकामी करतो, असं मी लगेच म्हटलं. तीच गांगरली. तिला माझा प्लॅन माहीत नाही.
(प्लॅन उद्यापर्यंत तयार होईल.)

५ फेब्रुवारी. ऑफिसला दांडी. ताप कळवला.
दिवसभर स्क्रीन-मॅच. म्हणजे सिनेमा थांबवून थांबवून पडद्यावरचा कपडा आणि हातातला कपडा ताडून पाहायचा. शेवटच्या चढाईत डाव्या खांद्यावर रफू दिसतं. माझ्या जर्सीवरही तिथेच रफू! काखेखालचा घामाचा डागही जुळला. डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शंभर टक्के अस्सल वस्तू हाताला लागली.
भाग्यश्री डोकावून म्हणाली, ताप उतरलेला दिसतोय.

८ फेब्रुवारी.
प्लॅन तयार. सदाशिव पेठेतल्या एका ट्रस्टचा वरचा हॉल रिकामा आहे. सेक्रेटरी यज्ञेश्वरराव. माझा संग्रह तिथे कायमचा ठेवायला ते तयार आहेत. अट एकच. जर्सी खरी आहे हे जयसिंगरावांनी चारचौघांत सांगायचं. नाहीतर हॉल अबॅकसच्या क्लासला जाईल. त्या क्लासच्या बाई वेळेवर येतात, असंही त्यांनी सुनावलं. मी तेव्हा थोडा उशिरा पोचलो होतो.
जयसिंगरावांचा सत्कार ठरला. २३ तारीख. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. एवढे पंधरा दिवस त्यांनी नीट काढावेत.

११ फेब्रुवारी.
जर्सी जागेवर नाही. कपाट, पेटी, माळा, सगळं पाहिलं. वॉशिंग मशीन चालू होतं. मी मशीनला मिठी मारून बटणं दाबत सुटलो. मशीन थांबेना, दारही उघडेना. शेवटी प्लग उपटला. आत पडदे होते.
जर्सी बाल्कनीत दोरीवर होती. वास मारत होती म्हणून वाऱ्यावर टाकली, असं भाग्यश्रीने सांगितलं. अस्सल कपडा धुवायचा नसतो, तो घामच त्याचा दाखला, हे मी तिला पुन्हा समजावलं. तिने विचारलं, कोणाचा घाम? काही प्रश्न अज्ञानातूनच येतात.

१५ फेब्रुवारी.
जयसिंगरावांचा फोन. सत्कार कशाला, मी आता कोणाला आठवतोय, असं म्हणत होते. मी सात नंबरच्या जर्सीचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, डाव्या खांद्यावर रफू आहे का?
मी रफूचा र सुद्धा काढला नव्हता!
आधी एकदा बघता येईल का, असं ते फार अजिजीने विचारत होते. मी नाही म्हटलं. जे काय व्हायचं ते स्टेजवर, लोकांसमोर. हॉल आपला झालाच.

१९ फेब्रुवारी. शिवजयंती, सुट्टी.
खोके भरायचे होते. भरले नाहीत. इथे भरायचे, तिथे काढायचे, त्यापेक्षा थेट हॉलवर हलवू. सासूबाईंचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिकिटं काढली आहेत, असं भाग्यश्रीने मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा आवाज खाली होता. मला तो आवाज माहीत आहे.
कार्यक्रमाचा तपशील पक्का. शाल, नारळ आणि मखमलीवर घडी घातलेली जर्सी, तिन्ही एकाच चांदीच्या तबकातून स्टेजवर येणार. भाग्यश्री म्हणाली, सत्कारात तबकातून जे येतं ते पाहुणा घरी नेतो. मी हसलो. प्रदर्शनाची वस्तू कोण नेईल? एवढी अक्कल लोकांना असते.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
काल लिहिता आलं नाही.
हॉल भरला होता. यज्ञेश्वररावांनी शाल घातली, नारळ दिला. मग जर्सी. जयसिंगरावांनी ती उचलली, उलगडली, खांद्यावरचं रफू अंगठ्याने चाचपलं. माइकवर त्यांनी सांगितलं, शेवटच्या सामन्यातली जर्सी ती हीच. फार उशिरा मिळाली, पण मिळाली.
हॉलभर टाळ्या. जिंकलो! मी उभा राहिलो.
तेवढ्यात यज्ञेश्वररावांनी माइक घेतला. रंगनाथरावांनी, म्हणजे मीच, केवढ्या मोठ्या मनाने आपला प्राणप्रिय ठेवा मूळ मालकाच्या हवाली केला, पुण्यात अजून अशी माणसं आहेत, वगैरे. पुन्हा टाळ्या. लोक माझ्याकडे वळून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. दुसरं काय करणार?
जयसिंगरावांनी जर्सी शालीत गुंडाळली आणि शबनम पिशवीत टाकली. नारळ विसरले.
रिक्षात नारळ भाग्यश्रीच्या मांडीवर होता.

२५ फेब्रुवारी.
यज्ञेश्वररावांचा फोन. जर्सी सिद्ध झाली, अभिनंदन. पण मुख्य वस्तू तुम्ही देऊन टाकली, आता हॉलमध्ये एक लंगोट बघायला कोण जिना चढणार? शुक्रवारपर्यंत जर्सी परत आली तर बोलू. नाहीतर अबॅकस.
काळजीचं कारण नाही. जयसिंगराव समजूतदार आहेत. उद्या जाऊन गैरसमज दूर करतो.

२६ फेब्रुवारी. महाशिवरात्र.
उपासाच्या दिवशी कोणाकडे काही मागू नये. उद्या.
(खोके अजून भरलेले नाहीत. भाग्यश्रीने खोलीच्या दारात झाडू आणून ठेवला आहे.)

२७ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी.
जयसिंगरावांकडे गेलो. चहा झाला. वाक्य पाठ करून नेलं होतं, पण तेच आधी बोलले. जर्सी त्यांची नव्हतीच. त्यांना कबड्डी येत नव्हती. सगळ्या चढाया दशरथ नावाच्या खेळाडूने केल्या, पाठीवर तोच सात नंबर लावून. ह्यांचे फक्त हसण्या-रडण्याचे क्लोजअप. रफूही दशरथच्या बायकोनेच केलेलं. सिनेमात दशरथचं नाव कुठेच नाही. तो गेल्या वर्षी गेला. स्टेजवर हे सांगायचं होतं, पण धीर झाला नाही, असं म्हणाले. जर्सी त्यांनी सोमवारीच तुळजाबाईंना, म्हणजे दशरथच्या बायकोला, नेऊन दिली. मला म्हणाले, हवी तर त्यांच्याकडे मागून बघा.
त्या बिबवेवाडीतच राहतात, आमच्या मागच्या गल्लीत. गेलो. लाज सोडून गेलो. जर्सी इस्त्री करून दशरथच्या फोटोखाली खुंटीवर लावली होती. स्वच्छ धुतलेली. एकही डाग नाही.
मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. सोडेनात. तुमच्यामुळं हे घरी आले हो, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. माझ्या तोंडून निघालं, त्यात काय एवढं. राजगिऱ्याचा लाडू खाऊन परत आलो.
घरी सिनेमा लावला. शेवटची चढाई. खांदा, रफू, घामाचा डाग, सगळं तोंडपाठ आहे. मध्यरेषेला हात टेकवताना मान वळते आणि क्षणभर चेहरा दिसतो. तो जयसिंगरावांचा नाही. हे चित्र मी इतक्यांदा थांबवून पाहिलं आणि एकदाही वर चेहऱ्याकडे बघितलं नाही. मला माझीच फार शरम वाटली.

२८ फेब्रुवारी.
ऑफिसला दांडी. कारण कळवलं नाही. दिवसभर खोके भरले. भाग्यश्रीने न सांगता सुतळी आणून दिली. खोके हॉलवर जाणार का, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

१ मार्च, शनिवार.
सासूबाई आल्या. वॉकर धरून मागच्या खोलीत गेल्या, पलंगावर टेकल्या. खोली हवेशीर आहे म्हणाल्या. चप्पल काढताना त्यांना पलंगाखालचे खोके दिसले. जावईबापू, एवढं काय भरून ठेवलंय, असं विचारलं.
भाग्यश्री दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, जुने कपडे.