ओळीतलं शेवटचं घर

मंगळवार, ९ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. तुझी वहिनी गुडघ्यांच्या नावाने कुरकुरते, पण जिना चढायचं सोडत नाही. चार वर्षांनी दादाचं अक्षर पाहून दचकू नकोस.

काल तुझ्या टेकडीवर गेलो होतो. हो, मीच. तुझ्या साक्षीने टेकडीला संरक्षण मिळालं आणि माझी वरची खाण बंद झाली, तेव्हा "चार दगडांसाठी सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास" म्हणालो होतो. ते चार दगड काल पहिल्यांदा नीट पाहिले.

अगं, काय हात होते ती घरं बांधणाऱ्या माणसांचे! तीस वर्षं दगडात काढली मी. चुना नाही, लोखंडाचं हत्यार नाही, आणि कंबरेएवढी भिंत चार हजार वर्षं उभी! प्रत्येक थर टेकडीकडे किंचित कललेला. घरामागे चर, म्हणजे वरचं पाणी घराला वळसा घालून जावं. रखवालदाराला म्हटलं, "असा एक गवंडी मला मिळाला असता तर!" तो हसला. "मॅडम तर म्हणतात, ह्यांच्याकडे शिकायला बसावं."

मग तो घरांच्या ओळीच्या टोकाला थांबला. "ओळ इथं तुटते. पुढचं घर दरडीत गेलं असावं, असं मॅडमच्या अहवालात आहे."

दरडीत नाही गेलं, धाकटे.

तुझी पाहणी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी वरच्या खाणीत खोदणाऱ्या मशीनवाल्याने हाक मारली, "मालक, इथं चूल दिसतेय. राखही आहे." मी वाकून पाहिलं. तीन दगड, आपण मांडू तसेच मांडलेले. मला कळलं होतं. तरी म्हणालो, "चालू दे."

अर्ध्या तासात सगळं सपाट.

आणि वर मीच तुझ्यावर रुसून बसलो! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

आज सकाळी तुमच्या पुरातत्त्व कार्यालयात सहीनिशी जबाब देऊन आलो. खालच्या खाणीचा परवानाही जाईल, असं वकील म्हणतात. जाऊ दे. त्या घराचे दगड खाणीच्या रस्त्याच्या वळणाखाली ढिगात अजून आहेत. जागा फक्त मला आणि मशीनवाल्याला ठाऊक. दोघं येऊन दाखवू. तू सांगशील तर हात लावू, नाहीतर लांब उभे राहू.

रागव, बोल, हवं ते कर. पण ये.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझा
दादा